परमेश्वर की यहोवा?

खरड-चंदीगड भागात वाचल्या जाणाऱ्या जुन्या हिंदी आणि पंजाबी बायबलांत तेविसावे स्तोत्र ‘यहोवा’ या नावाने सुरू होते. बायबल सोसायटीच्या मराठी भाषांतरात त्याच जागी ‘परमेश्वर’ येतो. दोन्हीकडे प्रार्थना करणाऱ्याला प्रश्न पडणारच, मराठीने देवाचे नाव गाळले की काय? नामस्मरणावर वाढलेल्या भाषेला हा प्रश्न झोंबणारा आहे, म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाची सुरुवात त्यानेच करतो. आमच्या मते मराठीने नाव गाळलेले नाही. उपासनेची फार जुनी रीत तिने सांभाळली आहे.

हिब्रू शास्त्रात त्या नावाची चार व्यंजने सहा हजारांहून अधिक वेळा येतात, पण सिनेगॉगमध्ये वाचताना तिथे ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, असेच म्हणतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यूही तसेच वाचतात. वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून लेखनिकांनी त्या व्यंजनांना ‘अदोनाय’चे स्वर जोडले आणि दोन्ही एकत्र वाचल्याने ‘यहोवा’ हे रूप घडले. नव्या कराराच्या लेखकांनीही जुनी वचने ग्रीकमध्ये देताना ‘किरिओस’, प्रभूच, लिहिले. 29 जून 2008च्या पत्रात व्हॅटिकनने उपासनेत व गीतांत त्या चार व्यंजनांचा ‘याव्हे’ हा उच्चार टाळायला सांगितले, तेही याच परंपरेच्या आधारे.

यावर कोणी म्हणेल, हेच माझे नाव सर्वकाळ राहील असे देव मोशेला सांगतो, मग ते झाकायचे का? आक्षेप वजनदार आहे. शास्त्र शिकवताना ते नाव सांगितलेच पाहिजे. पण येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत नाव पवित्र मानले जावे ही पहिली विनंती आहे आणि हाक मात्र पित्याला आहे. दुसरा आक्षेप असा की ‘परमेश्वर’ हा हिंदू शेजाऱ्यांचाही शब्द, त्याने वेगळेपण पुसले जाते. थॉमस स्टीफन्सला ही भीती वाटली नाही. 1616 साली गोव्यात छापलेल्या ख्रिस्तपुराणात त्याने ओवीतून परमेश्वरालाच आळवले. 1895मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग सोडला नाही, आणि 1917मध्ये त्यांनी ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला तोही ‘देवाचा दरबार’ या नावाने. ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतपुस्तक उघडून, पेटी-तबल्यावर टिळकांची भजने गाणारी मंडळी कोणाची भक्ती करते आहे, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्या भजनांतले क्रूस आणि पुनरुत्थानच ते सांगतात. हिंदी-पंजाबी भजनात ‘यहोवा’ आले तर ते मनापासून गावे. मराठी स्तोत्रातला ‘परमेश्वर’ खोडून तिथे ते नाव बसवण्याचे मात्र आम्हाला काहीच कारण दिसत नाही.