बाटली फिरवून मागची बाजू वाचा

माझी लेक बारा वर्षांची. केस माझ्या आईच्या वळणावर गेलेले, दाट आणि कुरळे. सिंगापूरच्या हवेतली सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. शाळेतून घरी येईपर्यंत तिची वेणी विस्कटून केस पिंजलेले असतात. गेल्या वर्षी मी सेरंगून रोडवरच्या एका दुकानातून ‘कोरड्या केसांसाठी आवळा तेल’ आणलं. महिनाभर नेमाने लावलं. केस वरून चिकट झाले, पण राठपणा तसाच राहिला.

मग बाटली फिरवली. मागच्या बारीक अक्षरांत पहिलंच नाव होतं पॅराफिनम लिक्विडम, म्हणजे खनिज तेल. आवळा सुगंधाच्याही खाली, शेवटच्या ओळीत. खनिज तेल काही विष नाही, पण ते केसाच्या वरच बसतं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी प्रयोगातून दाखवलं. ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हेही ध्यानात ठेवावं. मागच्या बाजूला खोबरेलाचं नाव ‘कोकोस न्यूसिफेरा ऑइल’ असं असतं.

सिंगापूरमध्ये २००८ पासून आसियान देशांचे सौंदर्यप्रसाधनांचे समान नियम लागू आहेत. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. सुगंधाच्या शेजारी बसलेला आवळा बहुतेक त्यातलाच. विकण्याआधी आरोग्य विज्ञान प्राधिकरणाकडे नोंद करावी लागते, पण नोंद म्हणजे पसंतीची मोहोर नव्हे. ‘कोरडे’ केस किंवा ‘नॉर्मल’ केस कशाला म्हणायचं, ते कंपनी आपल्या मनाने ठरवते.

शिवाय या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. तेलकट असते ती टाळू, कोरडी पडतात ती केसांची टोकं. लेकीच्या बाबतीत दोन्ही एकदम खरं आहे. म्हणून शाम्पू टाळूकडे बघून घ्यावा, कंडिशनर टोकांकडे बघून. सोडियम लॉरेथ सल्फेट वरच्या दोन-तीन नावांत असेल, तर तेलकट टाळूला ते चालून जातं. कुरळ्या केसांच्या टोकांपर्यंत टाळूचं तेल सहज पोचत नाही, त्यांना कोकामिडोप्रोपिल बीटेनसारख्या सौम्य घटकांवरचा शाम्पू बरा. डायमेथिकोन जाड केसांना आवरतं, पण बारीक, सरळ केस त्याने चपटे पडतात. सेटिल अल्कोहोल हे नाव वाचून घाबरू नये, ते केस मऊ करतं. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, म्हणून इथल्या दमटपणात ते यादीत फार वर असेल तर काहींचे केस जास्तच फुलतात.

माझी आई शिकेकाई आणि रिठा स्वतः निवडून, वाळवून, कुटून घ्यायची. डोक्याला काय लागतंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपल्याला ते ठाऊक होण्याची एकच जागा उरली आहे, बाटलीची मागची बाजू. ‘कोरड्या केसांसाठी’ असं लिहायचं तर त्याचा अर्थ नियमांनीच ठरवून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर पुढच्या खरेदीला बाटली टोपलीत टाकण्याआधी फिरवा आणि निदान पहिली पाच नावं वाचा. मुलींनाही वाचायला शिकवा.