परतीची वाट



उन्हाळ्याची सुटी संपून शाळा सुरू झाल्या की केंब्रिज परिसरातील आपली कुटुंबे पुन्हा एकत्र येतात आणि प्रवासाच्या गोष्टी निघतात. कोणी स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याने गाडी चालवून आलेले असते. कोणी ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या भावाकडे जाऊन, त्याच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीतून तिथल्या लाल मातीच्या निर्जन मुलखात काही आठवडे भटकून आलेले असते. बहुतेक जण मात्र नागपूर, अकोला, लातूर, सातारा या बाजूंच्या आपापल्या गावी जाऊन आलेले असतात. या सर्व गोष्टींत जाण्याचे वर्णन सविस्तर असते; परतणे मात्र एका वाक्यात उरकले जाते. या वेळचे सदर त्या एका वाक्याविषयी आहे. आपण ज्या नगरात राहतो त्याचा परतीच्या प्रवासाशी जुना संबंध आहे आणि आपल्या समाजाच्या इतिहासात तर परतणे हाच प्रवासाचा सर्वांत अवघड टप्पा ठरलेला आहे.

प्रथम केंब्रिजची गोष्ट. १९५५ साली केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांतील सहा तरुणांनी लंडनहून सिंगापूरपर्यंत मोटारीने जाण्याचा बेत केला. सोलिहल येथील रोव्हर कंपनीने त्यांना दोन लँड रोव्हर गाड्या दिल्या. एक गडद निळी, तिचे नाव ‘ऑक्सफर्ड’. दुसरी फिकट निळी, तिचे नाव ‘केंब्रिज’. बीबीसीतील एक तरुण निर्माते डेव्हिड ॲटनबरो यांनी चित्रणासाठी फिल्म पुरवली. कॅमेरा सांभाळणारे अँटनी बॅरिंग्टन ब्राऊन हे केंब्रिजचेच. डीएनएच्या प्रतिकृतीजवळ उभे असलेल्या वॉटसन आणि क्रिक यांचे १९५३ मधील जगप्रसिद्ध छायाचित्र त्यांनीच टिपलेले. १ सप्टेंबर १९५५ रोजी लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरहून निघालेल्या या गाड्या तुर्कस्तान, इराक, इराण, पाकिस्तान, भारत, ब्रह्मदेश, थायलंड आणि मलाया ओलांडून ६ मार्च १९५६ रोजी सिंगापूरला पोहोचल्या. टिम स्लेसर यांनी या मोहिमेवर लिहिलेले ‘फर्स्ट ओव्हरलँड’ हे पुस्तक दूरच्या वाटा तुडवणाऱ्या मोटारप्रवाशांच्या घरी आजही सापडते.

पुढे या दोन गाड्यांचे काय झाले? ‘केंब्रिज’ नंतरच्या एका मोहिमेत इराणमध्ये दरीत कोसळली आणि तिथेच संपली. ‘ऑक्सफर्ड’ अटलांटिक महासागरातील असेन्शन बेटावर पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांकडे गेली, तिथून सेंट हेलेना बेटावर पोहोचली आणि अनेक वर्षे गंजत पडली. अखेर एका जाणकाराने २०१७ साली ती इंग्लंडला परत आणून दुरुस्त केली. मग २५ ऑगस्ट २०१९ रोजी तीच गाडी सिंगापूरहून उलट दिशेने लंडनकडे निघाली. ८७ वर्षांचे स्लेसर स्वतः येणार होते. परंतु ऐन वेळी प्रकृतीने साथ सोडली आणि त्यांच्या जागी त्यांचा तरुण नातू बसला. १११ दिवसांनी, १४ डिसेंबर २०१९ रोजी गाडी लंडनला पोहोचली.  आजोबांच्या प्रवासाची वाट नातवाने उलट दिशेने पुरी केली, ही गोष्ट मला गाडीच्या पराक्रमापेक्षा मोलाची वाटते.

दूरच्या वाटेवरून आलेल्या गाडीचे परतल्यावर बरेच काही करावे लागते. ऑस्ट्रेलियातील आपले बांधव सांगतात की लाल धूळ महिनोन्‌महिने निघत नाही. दाराच्या रबरात, आसनांच्या शिवणीत, सामानाच्या चेनमध्ये ती राहतेच. खडबडीत, लाटांसारख्या उंचसखल रस्त्याने नटबोल्ट सैल झालेले असतात, पाटे तपासावे लागतात, स्टेपनी बदलावी लागते, तंबू वाळवून ठेवावा लागतो, पाण्याचे कॅन धुऊन पालथे घालावे लागतात. जाणकार प्रवासी आणखी एक काम करतात. कोणत्या टप्प्यावर पाणी मिळाले, कोणता रस्ता बंद होता, कोणी मदत केली, हे ते आठवणीत ताजे असतानाच वहीत उतरवतात. ती वही पुढच्या प्रवाशासाठी असते.

परतीला हलके लेखू नये, याची साक्ष आपल्या याच नगरात लेन्सफील्ड रोडवर आहे. तिथली स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूट १९२० साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ स्थापन झाली. १७ जानेवारी १९१२ रोजी हे पाच जण दक्षिण ध्रुवावर पोहोचले होते. त्यांचा मृत्यू झाला तो परत येताना. अखेरचे तिघे ज्या तंबूत गेले तिथून अन्न आणि इंधनाचा मोठा साठा केवळ ११ मैलांवर होता. ध्रुव गाठण्याएवढी शक्ती त्यांच्यात होती; घर गाठण्याएवढी उरली नाही. मुलांना हे संग्रहालय दाखवायला नेणाऱ्यांनी त्यांना ध्रुवाबरोबर या ११ मैलांविषयीही सांगावे.

आता या मोहिमेच्या वाटेतील एका रस्त्याकडे वळू. आसामातील लेडोपासून पांगसाऊ खिंडीतून ब्रह्मदेशात उतरणारा हा रस्ता. १९५५–५६ मध्ये या गाड्या तिथे पोहोचल्या तेव्हा तो जंगलाने गिळत आणला होता. दुसऱ्या महायुद्धात चीनला रसद पोहोचवण्यासाठी तो बांधण्यात आला होता. बांधणारे कोण? अमेरिकी सैन्याचे सुमारे १५,००० सैनिक, त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि त्यांच्या जोडीला हजारो स्थानिक मजूर. दरडी, पूर आणि हिवताप यांनी त्यांतील अनेकांचा बळी घेतला. जे वाचले ते मायदेशी परतले. पण कोणत्या मायदेशी? तिथे त्यांच्यासाठी बसमध्ये मागची आसने होती, वेगळे नळ होते, वेगळ्या शाळा होत्या. सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा अध्यक्ष ट्रूमन यांचा आदेशसुद्धा १९४८ साली निघाला, म्हणजे युद्ध संपल्यानंतर तीन वर्षांनी. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तो पत्रव्यवहार याच काळातला.

आपल्या समाजाचा परतीचा अनुभव बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदलेला आहे. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे लहानसे पुस्तक पुन्हा एकदा या दृष्टीने वाचावे. न्यूयॉर्क आणि लंडन येथे चार वर्षे शिकून बाबासाहेब १९१७ साली परतले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसून टाकली होती, असे ते लिहितात. बडोद्याच्या स्टेशनाबाहेर पाऊल ठेवले आणि ती परत आली. कारण पहिलाच प्रश्न होता, जायचे कोठे आणि ठेवून घेईल कोण? अखेर एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया देऊन जागा मिळवली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचा हुकूम झाला. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोन्हीकडे तो मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे सुमारे पाच तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढले. परतलेल्या विद्वानाला त्याच्या देशाने बसायला दिलेली जागा ती एवढीच.

या घटनेकडे आपण सहसा अपमानाची घटना म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. परंतु परतीच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. केंब्रिजची ती मुले इराकच्या वाळवंटात असोत की ब्रह्मदेशच्या जंगलात, आपले घर कोठे आहे हे त्यांना विचारावे लागत नव्हते. प्रवास कितीही खडतर असो, त्याचा शेवट ठरलेला होता. बाबासाहेबांचा प्रवास सुखाच्या बोटीतून झाला तरी त्याचा शेवट अनिश्चित होता. वाटेतील दरडी आणि नद्या कोणालाही अडवतात. दार बंद करणारा माणूस मात्र नेमके कोणाला अडवायचे हे ठरवून अडवतो.

त्याच लेखनात १९३४ सालच्या सहलीची हकिगत आहे, आणि मोटारीने भटकणाऱ्यांनी ती विशेष लक्षात ठेवावी. चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह बाबासाहेब वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला सगळे थांबले. प्रवासाने अंगावर धूळ बसलेली. दाराशी असलेल्या पाण्याच्या टाक्यावर काहींनी हात-तोंड धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटवल्याचा आरडाओरडा झाला, गर्दी जमली, आणि शेवटी आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारी शिपाई देऊन, त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. लांबच्या मोटारप्रवासात पहिला हिशेब पाण्याचा करतात: माणसे किती, दिवस किती, कॅन किती. आपल्या आजोबा-पणजोबांना या हिशेबात एक रकाना जास्त धरावा लागे, तो म्हणजे असलेले पाणी घेऊ देतील का.

हे सर्व आजच्या आपल्या परतण्याशी जोडून पाहणे मला आवश्यक वाटते. मुंबई किंवा नागपूरच्या विमानतळावर उतरून, भाड्याची मोठी गाडी करून आपण गावाकडे निघतो. मागच्या आसनावर इथे जन्मलेली मुले असतात. त्यांच्या दृष्टीने ती एक लांबची, खड्ड्यांची आणि काहीशी मजेची सफर असते. गाडी वेशीत शिरते, वस्तीकडे वळते. ‘आपले घर गावाच्या या टोकाला का?’ असा प्रश्न एखादे मूल विचारते. आपण काय उत्तर देतो?

मी अनेक कुटुंबांकडून दोन प्रकारची उत्तरे ऐकली आहेत. काही म्हणतात, मुलांना कशाला सांगायचे? ती मोकळ्या हवेत वाढली, त्यांच्या मनावर ते ओझे नको. यामागची माया मी समजू शकतो. ज्याने स्वतः चटका सोसला त्याला तो मुलापर्यंत पोहोचू नये असेच वाटणार. दुसरे म्हणतात, सांगितलेच पाहिजे, नाहीतर आजीच्या घरात आणि गावात जे दिसते त्याचा अर्थच मुलांना लागणार नाही. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण बडोद्याच्या प्रसंगातच आहे. परदेशाने पुसलेली जाणीव स्टेशनाबाहेर एका क्षणात परत आली. ती पुसली गेल्यामुळे बाहेरचे जग बदललेले नव्हते. आपल्या मुलांना ती जाणीव कोणा परक्याने, एखाद्या विद्यापीठातील वसतिगृहात किंवा एखाद्या लग्नाच्या बोलणीत, आडनाव विचारून करून द्यावी, त्यापेक्षा ती आईवडिलांकडून, बाबासाहेबांच्या उत्तरासह कळलेली बरी. अपमान सांगावा आणि त्याच्या पाठोपाठ महाडचे पाणीही सांगावे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर ओंजळ भरणारे बाबासाहेब हे कामाठी बागेत बसलेलेच बाबासाहेब होते, हे मुलांना कळले म्हणजे परतण्याचा अर्थही कळेल. ते परतले आणि थांबले नाहीत.

१९५५ च्या मोहिमेची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते एड्रियन कॉवेल पुढे ॲमेझॉनच्या जंगलात वर्षानुवर्षे राहून तेथील आदिवासी आणि रबर गोळा करणारे कष्टकरी यांच्या जगण्यावर माहितीपट करत राहिले. पहिल्या प्रवासातून ते जे शिकले ते त्यांनी कामाला लावले. आपल्यापैकी प्रत्येकाला एवढे मोठे काम जमेल असे नाही. पण वही उतरवणे तर जमेल.

म्हणून या सदराच्या वाचकांना एक विनंती. आपल्या घरातील जी वडीलधारी मंडळी पहिल्यांदा परदेशी आली आणि पहिल्यांदा गावी परत गेली, त्यांना त्या पहिल्या परतीविषयी विचारा. स्टेशनावर किंवा एसटी स्टँडवर घ्यायला कोण आले होते? पहिला पाण्याचा तांब्या कोणी दिला? गावातील कोण बोलले, कोण बोलले नाही? कोणाच्या अंगणात बसायला खुर्ची मिळाली? ही उत्तरे मुलांच्या हाताने मराठीत, मराठी येत नसेल तर त्यांना येत असलेल्या भाषेत, लिहून घ्या. तारीख, गाव, वाहन, सोबतची माणसे, सर्व नोंदवा. पुढच्या सभेत ही वह्यांची पाने वाचू. ज्यांची मंडळी आता थकली आहेत त्यांनी हे काम लवकर करावे. स्लेसर यांना स्वतः गाडीत बसता आले नाही, तरी त्यांचा नातू बसू शकला. कारण आजोबांनी रस्ता लिहून ठेवला होता.

जयभीम.