सात दिवसांची वही

अर्जुनी मोरगावहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे बहात्तर वर्षांचे असून रक्तदाबाच्या गोळ्या घेत होते. धानकापणीच्या दिवसांत त्यांनी घरच्या यंत्रावर एकदा रक्तदाब मोजला, तो १२८/७८ आला आणि ‘आता बरा झालो’ म्हणून त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या. पुढे दवाखान्यात तोच १७२/९६ भरला. ‘यंत्र खोटे की दवाखाना?’ असे त्या विचारतात.

दोन्ही आकडे खरे असू शकतात. पहिला आकडा गोळ्यांमुळेच खाली आला होता, एवढेच सासरेबुवांच्या ध्यानी आले नाही. शिवाय रक्तदाब दिवसभर बदलत असतो. एकाच मापनावरून औषध थांबवणे धोक्याचे आहे. धोका किती, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे.

अर्जुनी मोरगावला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था काम करते. तेथील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांमध्ये एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातील प्रत्येक मृत्यूची नोंद घेतली. खेड्यात शवविच्छेदन कुठले आणि मेंदूचे स्कॅन तरी कुठले! प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जाऊन बसले, शेवटच्या दिवसांत काय काय झाले हे घरच्यांना ठरावीक प्रश्नांनी विचारले, आणि त्या उत्तरांवरून डॉक्टरांनी मृत्यूचे कारण ठरवले. या पद्धतीला ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ म्हणतात. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो त्याने, झाले होते. मृत्यूच्या कारणांत तोच पहिला ठरला. यांतील सुमारे ८७ टक्के माणसे घरीच गेली. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तोवर लकवा हा शहरी सुखवस्तूंचा आजार असाच अनेकांचा समज होता. पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब.

आता वही घ्यावी. संशोधक ज्या शिस्तीने मोजतात, ती घरीही पाळता येते. यंत्र मनगटाचे नको, दंडाला बांधायचे हवे, आणि पट्टा दंडाच्या घेराला साजेसा असावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नको, खर्राही नको. (खर्रा तर कधीच नको, पण तो विषय पुन्हा कधी.) लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, हात छातीच्या पातळीवर टेकवावा. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून चारही आकडे तारखेसह लिहावेत. असे सात दिवस. पहिला दिवस नवखेपणाचा, म्हणून तो हिशेबातून वगळावा आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढावी. घरच्या मापनात ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर रक्तदाब वाढलेला समजतात. दवाखान्यात हीच मर्यादा १४०/९० धरतात. नाडी अनियमित असेल तर घरचे यंत्र चुकू शकते, ते डॉक्टरांकडूनच मोजून घ्यावे.

वृद्धांसाठी एक नोंद आणखी हवी. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० किंवा अधिकने उतरला तर रात्री उठताना भोवळ येऊन पडण्याची भीती असते. अशा वेळी गोळीची मात्रा किंवा वेळ बदलावी लागू शकते. ते डॉक्टरांनीच ठरवावे, आपण नव्हे.

वही घेऊन गावच्या आरोग्य उपकेंद्रात जावे. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी ‘ई-संजीवनी’वरून दूरच्या डॉक्टरांशी बोलणे करून देऊ शकतात, आणि पडद्यापलीकडच्या डॉक्टरांना सात दिवसांचे आकडे फार उपयोगी पडतात. मात्र तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर वही बाजूला ठेवून तत्काळ १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी स्कॅन व्हावा लागतो.

भगिनी, आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत सात दिवस थांबू नका. १७२/९६ हा आकडा दाखवून गोळ्यांविषयी आजच डॉक्टरांना विचारा, वही त्यानंतर. धानाच्या पोत्यांचा हिशेब ते लिहीत असतीलच, तेव्हा हे आकडेही त्यांनाच लिहू द्या. पंधरवड्याने पुन्हा पत्र पाठवा.