जखमेचे ऋण

दरवर्षी १ मे रोजी शिवाजी पार्कच्या मैदानावर महाराष्ट्र दिनाचे दिमाखदार संचलन होते. ज्या युगपुरुषाचे नाव या मैदानाला लाभले, त्याच्या राज्यव्यवहारातील एक नोंद मात्र क्वचितच आठवली जाते. १६५९ मध्ये अफझलखानाचे पारिपत्य झाल्यावर महाराजांनी कामी आलेल्या वीरांच्या मुलांचा सांभाळ केला, पुत्रहीन विधवांना निम्मे वेतन लावून दिले आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली, असे सभासद बखर सांगते. सैनिकाची जखम हे राज्यावरील ऋण आहे, हाच या व्यवहाराचा अर्थ होय.

आजचे राष्ट्र हे ऋण कितपत फेडते? लष्करी वैद्यकसेवेच्या कर्तबगारीविषयी शंका नाही. १९४८ मध्ये स्थापन झालेले पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय डॉक्टर घडवीत आहे. खडकीच्या पुनर्वसन केंद्रात कमरेखाली लुळे पडलेले जवान स्वाभिमानाने जगतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक पटकावले.

खरा प्रश्न वर्दी उतरल्यानंतरचा आहे. सैन्याला तरुण मनुष्यबळ लागते, त्यामुळे बहुसंख्य जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. सीमेवर झिजलेले शरीर कुरकुरू लागते ते त्यानंतर. वाजपेयी सरकारच्या काळात, एप्रिल २००३ मध्ये, माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. संलग्न खासगी रुग्णालयांत रोख पैसे न भरता उपचार, हे तिचे मर्म. परंतु शासनाकडून देयके वेळेवर चुकती होत नाहीत आणि रुग्णालये हात आखडता घेतात, अशा तक्रारी वारंवार पुढे आल्या आहेत. साताऱ्या-कोल्हापुरातील डोंगरी गावच्या वृद्ध हवालदाराला तर तालुका ओलांडून दवाखाना गाठणे हीच एक मोहीम ठरते.

अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाची कथा याहून क्लेशदायक आहे. भरतीच्या वेळी निरोगी असलेल्या जवानाची व्याधी सेवेमुळेच जडली असे गृहीत धरावे, तसे नसल्यास सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. तरीही जवानांच्या बाजूने लागलेल्या निकालांविरुद्ध संरक्षण मंत्रालय अपिले करीत राहिले. शत्रूशी लढलेल्याने आपल्याच शासनाशी लढावे, हे कोणत्या राष्ट्रधर्मात बसते?

मात्र सारा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदू तरुणांनी सैन्यात जावे, असा आग्रह स्वातंत्र्यवीर सावरकरांनी धरला. त्यांचे निवासस्थान याच शिवाजी पार्कच्या परिसरात होते. मुलांना रणांगणावर धाडण्याचे आवाहन स्वीकारणाऱ्या समाजाने परतलेल्यांची काळजीही स्वीकारली पाहिजे. वस्तीतील माजी सैनिकाचे आरोग्यपत्र तयार आहे का, त्याला रुग्णालयात नेणारे कोणी आहे का, वीरपत्नीची कागदपत्रे कोठे अडली आहेत, एवढी विचारपूस प्रत्येक शाखेला व प्रत्येक कुटुंबाला सहज करता येईल. शासनाने रुग्णालयांची देयके वेळेवर द्यावीत आणि निष्कारण अपिले थांबवावीत. संचलनातील मानवंदनेला अर्थ येईल तो त्यानंतरच.