निजवेळेची इंग्रजी गाणी

खारदांड्याच्या कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका व्यापारी कुटुंबात नातीचा जन्म झाला. दुकान वाढवून चिरंजीव घरी परततात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. सूनबाई स्वयंपाकघरातील आवराआवरीत गुंतलेल्या असतात. त्यामुळे चौविहार झालेल्या आजींकडे, म्हणजे घरातील सर्वांच्या ‘बां’कडे, पाळण्याची दोरी आपसूक आली. बा हालरडे गात आणि मूल झोपी जाई.

नात दहा महिन्यांची झाली, तेव्हा सुनेने उशाशी मोबाईल ठेवला. त्यावर इंग्रजी बालगीते सुरू झाली. “बा, उद्या तिला इंग्रजी शाळेतच जायचे आहे. आतापासून कानावर पडलेले बरे,” असे तिचे म्हणणे. बा काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी गाणे तेवढे थांबवले. घरात वाद झाला नाही. मात्र मूल पडद्याकडे टक लावून अकरा वाजेपर्यंत जागू लागले आणि बा आपल्या खोलीत लवकर जाऊन पडू लागल्या.

असे प्रसंग आज अनेक घरांत घडतात. सुनेचा हेतू चांगलाच होता आणि इंग्रजी अंगाईगीतांतही गैर काही नाही. ‘ट्विंकल ट्विंकल’ या नावाने ओळखले जाणारे गीत म्हणजे जेन टेलर या इंग्रज कवयित्रीची 1806 साली प्रसिद्ध झालेली कविता होय. तिला पाच कडवी आहेत. आपण बहुधा पहिलेच गातो. पुढे एक वाटसरू अंधारात वाट दाखवल्याबद्दल ताऱ्याचे आभार मानतो. खारदांड्यातून रात्री समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांनाही ही भावना परकी वाटणार नाही. गीताची चाल मात्र मूळची फ्रेंच. तिच्यावर मोझार्टने पियानोसाठी बारा रूपे रचली आणि इंग्रजी मुळाक्षरेही मुले याच चालीवर म्हणतात.

ब्राम्झ या जर्मन संगीतकाराने 1868 मध्ये एका स्नेह्यांच्या घरी मुलगा झाला म्हणून रचलेली अंगाई आज इंग्रजी शब्दांत जगभर गायली जाते. ‘हश लिट्ल बेबी’ हे अमेरिकेतील लोकगीत व्यापारी घरांना विशेष गमतीचे वाटावे. त्यात बाबा बाळाला एकामागून एक वस्तू आणून देण्याचे कबूल करतात. पक्षी गायला नाही तर हिऱ्याची अंगठी, अंगठी खोटी निघाली तर आरसा! खरेदीची ही यादी संपेपर्यंत मूल झोपी जाते. याउलट ‘रॉक-अ-बाय बेबी’मध्ये फांदी मोडून पाळणा खाली पडतो. म्हणून गीत निवडताना चालीबरोबर अर्थही पाहावा.

अंगाईचा गुण तिच्या ठेवणीत असतो. संथ लय, थोडेच स्वर, पुन्हा पुन्हा येणारी ओळ आणि पाळण्याच्या झोक्याशी जुळणारा ठेका या गोष्टी सर्व भाषांत आढळतात. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनोळखी भाषेतील अंगाई ऐकतानाही तान्ह्या मुलांच्या हृदयाचे ठोके मंदावल्याचे दिसून आले. झोपेसाठी बाळाला भाषा कळावी लागत नाही. मग इंग्रजीची घाई कशाला आणि तिचे भय तरी कशाला?

भय बाळगायचे ते पडद्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये एक वर्षाखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये, असे सांगितले आहे. मोबाईल गाणे लावतो. पण मूल पेंगुळले म्हणून आवाज हळू करणे, पाठीवर थोपटणे त्याला जमत नाही.

शिवाय आपल्या पेटीत धन थोडे नाही. पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी त्रिशलामातेचे हालरडे आपण भक्तिभावाने गातो. झवेरचंद मेघाणींनी शिवाजी महाराजांवर गुजरातीत हालरडे लिहिले. त्यात जिजाबाई बाळाला झुलवतात. मराठीत 1977 सालच्या ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या चित्रपटातील सुमन कल्याणपूर यांची अंगाई आजही घरोघरी गुणगुणली जाते.

त्या घरातील तिढा सुनेनेच सोडवला. एका रात्री वीज गेली, मोबाईलही बंद पडला आणि मूल रडू लागले. तिने बांच्या दारावर टकटक केली. “बा, तुमचेच गाणे हवे आहे तिला,” ती म्हणाली. बा उठून आल्या. अंधारात हालरडे सुरू झाले आणि मूल शांत झाले.

दुसऱ्या दिवसापासून मोबाईल बाहेरच्या खोलीत गेला. सून बांना ताऱ्याचे इंग्रजी गीत शिकवू लागली आणि स्वतः हालरडे शिकू लागली. आता नातीला आधी तारा ऐकायला मिळतो, मग त्रिशलामाता. बांचे इंग्रजी उच्चार काहीसे कच्चे आहेत. नातीने अद्याप तक्रार केलेली नाही.