शरदाची गोधडी

मागच्या वर्षी कार्यानुभवाच्या तासाला आम्ही एक गोधडी शिवायला घेतली. विषय ठरला 'शरद ऋतू'. मी उरलेल्या कापडाचे तुकडे आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी लाल-नारिंगी कापडाची टोकदार पाने कापून आणली. ती मॅपलची पाने होती! आपल्या गावात मॅपलचे झाड कोणी पाहिले आहे? ती पाने चित्रांच्या पुस्तकातून आली होती.

चूक मुलांची नव्हती. उर्दूत आपण 'खिजां' वाचतो आणि मराठीत त्याचा अर्थ 'शरद' असा लिहून मोकळे होतो. पण खिजां म्हणजे पानगळ. हा शब्द फारसीतून आला. काश्मीरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिनार लाल होतो, मग त्याची पाने झडतात. आपल्याकडे पानगळ होते ती शिशिरात. आपला शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. पाऊस संपलेला असतो, आकाश निळे असते, ऊन मात्र कडक. शेतात सोयाबीन पिवळे पडते, कपाशीची बोंडे फुटतात, बांधावरचे गवत सोनेरी होते आणि बाजारात झेंडूचे ढीग लागतात. माझ्या मते आपल्या गोधडीत हेच रंग यायला हवेत.

रंग ठरले, पण एवढे कापड आणायचे कोठून? वर्गातल्या एका मुलाचे वडील शिंपी आहेत. त्यांच्या दुकानात कातरणाचे पोते भरलेले असते, हे सर्वांना ठाऊक होते. तरी तो मुलगा गप्प बसला. तास संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, चिंध्या आणल्या तर मुले मला चिंधीचोर म्हणतील."

मला फार वाईट वाटले. मराठीत क्षुल्लक वस्तू चोरणाऱ्याला 'चिंधीचोर' म्हणतात. उर्दूत गरीब घरातल्या गुणी मुलाला 'गुदडी का लाल' म्हणतात. एका भाषेत चिंधीची शिवी, दुसरीत तिचेच कौतुक! मी त्याला म्हणालो, "पोते घेऊन ये. कोणता तुकडा कुठे लावायचा, हे तूच सांग."

'शिवणे हे मुलींचे काम' अशी काही मुलांनी कुरकुर केली. आपल्या मोहल्ल्यातले सगळे शिंपी पुरुष आहेत, हे ते विसरले असावेत.

जुनी सुती साडी धुऊन तिची चौपदरी घडी घातली. त्यावर तुकडे मांडले, कडा आत दुमडल्या आणि धावदोरा घालत काठापासून मध्याकडे गेलो. ही रीत कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यात मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या गोधडीला 'कवंदी' म्हणतात. कोपऱ्यांवर त्या घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुले' लावतात. फुलांवाचून गोधडी त्यांना उघडी वाटते.

आम्हीही झेंडूच्या रंगाची फुले लावली. तीन कोपरे झाले आणि चौथ्यासाठी पिवळे कापड संपले. मी माझ्या जुन्या सदऱ्याचा एक तुकडा पुढे केला. शिंप्याच्या मुलाने तो बोटांत चोळून पाहिला आणि परत दिला.

"हा टेरिकॉट आहे, सर. चालणार नाही."