पडलेल्याला पडू द्या

बिडकीनच्या शाखेत मी अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. एप्रिलचा उकाडा, वीज गेलेली, आणि काउंटरपुढची रांग पार दारापर्यंत. आईबरोबर आलेली सतरा-अठरा वर्षांची मुलगी "माय, डोळ्यापुढं अंधारी यायलीय" म्हणाली आणि कोसळली. आम्ही धावलो. तिला उचलून खुर्चीत बसवले, मान सरळ धरली. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली. तिचे हातपाय झटकू लागले तसे रांगेतले कुणीतरी म्हणाले, "फिट आली!" तो शब्द गावभर झाला. तिची ठरलेली सोयरीक त्यावरच मोडली, हे मला वर्षभराने कळले.

ती फिट नसावी. हे माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो निवृत्तीनंतर, नात झेंडावंदनाला उभी असताना पडली तेव्हा. डॉक्टरांनी आधी नुसते प्रश्न विचारले. उभी होती का? मळमळ, घाम, अंधारी आली होती का? शुद्धीवर आल्यावर लगेच ओळखले का, की बराच वेळ गोंधळलेली होती? जीभ चावली? मग रक्तदाब झोपवून आणि उभे करून मोजला, ईसीजी काढला. बस्स. या मूर्च्छेला व्हेजोव्हेगल सिंकोप म्हणतात. हे नाव १९३२ साली टॉमस लुईस या डॉक्टरांनी रूढ केले.

फार वेळ उभे राहिले की रक्त पायांत साचते. उपास, उकाडा, सुईची भीती, रक्त पाहणे, कशाचेही निमित्त होते. व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती मंद करतो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला रक्त कमी पडते. आडवे होताच ते परत मिळते. म्हणजे पडणे हाच शरीराचा तोडगा. आणि आम्ही शहाणे तिला बसती करून तोच मोडत होतो! झटके बहुधा त्यामुळेच.

अशा माणसाला उताणे झोपवावे, पाय वर उचलून धरावेत, गर्दी हटवावी. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. अंधारी येतेय असे वाटताच स्वतःहून आडवे व्हावे. जागा नसेल तर पायाला पायाची कैची घालून मांड्या आवळाव्यात. पाणी भरपूर प्यावे. औषध क्वचितच लागते.

मात्र धावताना किंवा झोपल्याजागी शुद्ध हरपली, छातीत धडधडले वा दुखले, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेले असेल, तर हृदयाची तपासणी हवीच. बिडकीनहून घाटी रुग्णालय काही दूर नाही. आणि पडताना ज्याने पाहिले त्याला सोबत न्यावे. 'फिट' हा शब्द त्याने घरीच ठेवावा, पाहिले तेवढे डॉक्टरांना सांगावे.